दहा कारवानी आणि एक सागवानी उंबरा

कुत्र्यांच्या प्रदर्शनात सगळ्यात अवघड काय असतं, असं मला नेहमी विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात चावणं असतं. सोळा वर्षांत मला कुत्रं एकदाच चावलं, तेही प्रदर्शनात नाही, भाजीबाजारात. अवघड असते ती जागा. छताखाली भरवायचं की उघड्यावर, या एका प्रश्नावर आमच्या समितीच्या जितक्या बैठका झाल्या, तितक्या कुत्र्यांवर कधी झाल्या नाहीत.

मी बीदरला जनावरांच्या दवाखान्याच्या जिल्हा कचेरीत कारकून. म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं, त्याच्या पुढच्या वर्षी लागले. नेमणुकीच्या कागदात कुत्र्यांचा उल्लेख नव्हता. पण लसींच्या पेट्या आल्या की मी त्यांची यादी करायची आणि यादीत असतील तेवढ्याच पेट्या कपाटात निघायच्या. या गोष्टीचं कचेरीत इतकं नवल झालं, की आमचे मोठे डॉक्टरसाहेब श्वान प्रदर्शन समितीचे अध्यक्ष झाले तेव्हा चिटणीस म्हणून त्यांनी मलाच धरलं.

"बाई, तुम्हाला कुत्री आवडतात ना?" त्यांनी विचारलं.

"मला याद्या आवडतात," मी म्हणाले.

"मग झालं की," ते म्हणाले.

ज्यांनी असं प्रदर्शन पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. दोरीनं आखलेला एक चौक असतो, त्याला रिंग म्हणतात. एकेका जातीची कुत्री गटागटानं रिंगमध्ये येतात. परीक्षक एकेकाला उभं करून दात, छाती, पाय, शेपूट बघतात. मग मालकाला सांगतात, चालवा. चाल हा सगळ्यात मोठा भाग. उभं राहून सगळीच कुत्री देखणी दिसतात, खोट कळते ती चालताना. परीक्षक बोलतील ते शेजारी उभं राहून वहीत उतरवायचं, हे काम माझं.

आता जागा. छताखाली ऊन नाही, वारा नाही, बघ्यांना दारातच अडवता येतं. पण शंभर कुत्री एका छताखाली भुंकायला लागली की आवाज वर जाऊन परत खाली येतो, आणि कुत्र्यांना वाटतं, वरही कुणीतरी आहे. मग ती वर बघून भुंकतात. फरशी घोटलेली असेल तर भलादांडगा अल्सेशियनसुद्धा साबणावरून चालल्यासारखा चालतो आणि परीक्षक लिहायला सांगतात, मागचे पाय कमजोर. म्हणून गोणपाट शिवून अंथरावं लागतं. उघड्यावर चाल मोकळी दिसते, आवाज विरून जातो. पण शेळ्या येतात, गावातली मोकाट कुत्री बघायला म्हणून येतात, पायात कुसळं जातात, आणि दुपारी बारानंतर काळ्या रंगाच्या कुत्र्यांचे मालक चिटणिसाकडे अशा नजरेनं बघतात की सूर्य तिनंच लावलाय.

हे सगळं मी एका वहीत लिहून ठेवलं होतं. जागा बघायला गेले की वही उघडायची आणि एकेका मुद्द्यावर खूण करत जायची. पाणी कुठून येतं, मोरी कुठं जाते, उजेड कुठल्या बाजूनं, कुत्री आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट वेगळी आहे का. प्रत्येक फजितीनंतर यादी एका मुद्द्यानं वाढायची.

गुलबर्ग्याची फजिती घ्या. तिथं आम्ही आडतबाजारातलं एक गोदाम घेतलं. उंच छत, खरखरीत जमीन, मोठाले दरवाजे. मालकानं सांगितलं, तूर होती, उचलली, झाडून घेतलंय. ते खरं होतं. तुरीच्या आधी तिथं महिनाभर लाल मिरची होती, हे मी विचारलं नव्हतं म्हणून त्यानं सांगितलं नाही. सकाळी दहाला पहिल्या डॉबरमनला शिंक आली. सव्वादहाला सगळा हॉल शिंकत होता. परीक्षकांनी एकाचे दात बघायला तोंड उघडलं, तर कुत्रं त्यांच्या चष्म्यावर शिंकलं आणि ते कुत्र्यावर शिंकले. त्या दिवशी एकाही कुत्र्याचे दात तपासले गेले नाहीत. वहीत नवा मुद्दा लिहिला : "आधी काय होतं? त्याच्याही आधी काय होतं?"

त्यानंतर समिती म्हणाली, पुढचं उघड्यावर. म्हणून बीदरला गावाबाहेरच्या एका शाळेचं मैदान घेतलं. येळवस, म्हणजे शेतात जेवायला जायची ती अवस, नुकतीच झाली होती, हवा गार, ज्वारी हुरड्याला आलेली. मैदानाच्या तिन्ही बाजूंना शेतं. फार छान दिसत होतं.

त्या वर्षी माझ्या हट्टावरून एक नवा गट ठेवला होता, कारवानी कुत्र्यांचा. आपल्याकडची ही लांब तोंडाची, पोट पाठीला लागलेली, हरणाच्या पायांची शिकारी कुत्री सगळ्यांनी पाहिली असतील. प्रदर्शनात मात्र हैदराबाद-सोलापूरकडची बंगल्यांतली कुत्री यायची. शेतकऱ्यांची यायची नाहीत, कारण समितीच्या नोंदवहीत ही जातच नव्हती. वही म्हणते जात नाही, म्हणून प्रदर्शनात घ्यायचं नाही, आणि प्रदर्शनात नाही म्हणून वहीत लिहायचं नाही.

हा तिढा माझ्या टेबलावर आणून टाकला तो मुडबीच्या सोपानअण्णांनी. सत्तरीचे शेतकरी, डोक्याला पटका, हातात कायम काठी. त्यांच्या वडिलांपासून घरात कारवानींचा एकच वाण चालत आलेला. तीन वर्षं ते बाजाराच्या दिवशी कचेरीत येऊन माझ्यासमोरच्या बाकावर बसायचे.

"अक्का, म्या काय बक्षीस मागायलोय का?" ते म्हणायचे. "हरणीचं हे शेवटचं येत. माज्या माघारी ह्यो वान कुनाचा, कसला, कुनाला कळावं की न्हाई? तुमच्या वहीत लिवा म्हंतो. येवढंच."

हरणी म्हणजे त्यांची कुत्री. येत म्हणजे पिल्लांची खेप.

तर त्या मैदानात कारवानी गट रिंगमध्ये उभा राहिला, परीक्षकांनी हरणीच्या छातीला हात लावला आणि शेजारच्या ज्वारीतून एक ससा निघाला. सशाची शिकार कायद्यानं बंद झालेली होती, पण ते कुत्र्यांना कुणी कळवलं नव्हतं. पुढचं मी नीट पाहिलं नाही. दोरी माझ्या पायात आली होती. उठले तेव्हा कारवानी शेताच्या पलीकडे ठिपक्याएवढ्या होत्या, त्यांच्यामागे अल्सेशियन आणि डॉबरमन, त्यांच्यामागे मालक, आणि सगळ्यात शेवटी एका मोठ्या साहेबांच्या घरची पॉमेरेनियन, गळ्यात रेशमी फीत. ससा सुटला. पॉमेरेनियन दुपारी एका खोपीत सापडली. हुरडा खाऊन तिथंच झोपली होती.

पुढच्या बैठकीत डॉक्टरसाहेबांनी दोन ठराव मांडले. एक, यापुढे छताखाली. दुसरा, कारवानी गट बंद. पहिल्याला मी मान हलवली. दुसऱ्याला उभी राहिले. बरीच बोलले. शेवटी डॉक्टरसाहेब म्हणाले, "बरं. एक वर्ष. छताखाली. दहा कारवानी परीक्षकांपुढे उभ्या राहिल्या तर गट कायम आणि दहाही जणींची नोंद वहीत. नऊ आल्या तर विषय संपला. पुन्हा काढायचा नाही, बाई."

मी दहा जमवल्या. कशा, ते लिहीत बसत नाही, पण त्या हिवाळ्यात मी आळंद तालुक्यातल्या खजुरीपासून औरादपर्यंत एकही कारवानी बघायची ठेवली नाही. हळ्ळीखेडच्या नागूअप्पांची बिजली दहावी. नागूअप्पा हे मेंढरं राखणारे, चाळिशीचे, फार कमी बोलणारे. मागे त्यांच्या मेंढरांच्या लसीकरणाचे कागद मी भरून दिले होते, तेवढ्यावर त्यांचा माझ्यावर पूर्ण भरवसा.

आणि जागाही अशी मिळाली की माझ्या वहीतल्या एकतीसपैकी एकतीस मुद्द्यांवर खूण झाली. हुमनाबादला एका शेटनी नवंकोरं कल्याण मंटप, म्हणजे लग्नाचं कार्यालय, बांधलं होतं. पौष महिना, लग्नाचे मुहूर्त नाहीत, हॉल रिकामा. काँक्रीटचं छत, चारी बाजूंनी खिडक्या, खरखरीत फरशी, स्वतंत्र मोरी. मिरची कधी नव्हती, त्याच्या आधीही नव्हती. सोलापूर-हैदराबादचा रस्ता दारावरून. शेटनी मला दरवाजा खास दाखवला. "उंबरा बघा, अक्का. सागवानी. येक वीत उंच. चारी दारांना असाच हाय." त्यावर हळदी-कुंकवाचे पट्टे ओढलेले, पुढं रांगोळी. मी म्हणाले, सुरेख आहे. आणि वही मिटली.

प्रदर्शनाच्या दिवशी सगळं यादीप्रमाणे चाललं होतं. परीक्षक सिकंदराबादहून आले होते, सैन्यातून निवृत्त झालेले, सगळे त्यांना कर्नलसाहेब म्हणत. अल्सेशियन झाले, डॉबरमन झाले. साडेअकराला मी दारात जाऊन कारवानींना हाक दिली.

दारासमोर दहाही जणी ओळीनं बसल्या होत्या. मालक उभे. कुणी हललं नाही.

"आणा की आत," मी म्हणाले.

"येत न्हाईत त्या," सोपानअण्णा म्हणाले.

"कामून?"

"उंबरा हाय की, अक्का."

मला कळलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. मला त्याच क्षणी कळलं. आमच्याकडे पिल्लाचं दूध तोडलं की पहिली शिकवण हीच. अंगण तुझं, ओसरी तुझी, उंबरा ओलांडायचा नाही. पाऊल ठेवलं की केरसुणीचा एक फटका. तिसऱ्या-चौथ्या फटक्याला पिल्लू जे शिकतं ते मरेपर्यंत विसरत नाही. दार सताड उघडं टाकून बाई विहिरीवर जाते, चुलीपाशी दुरडीत भाकरी असते, आणि कुत्रं उंबऱ्याबाहेर पायावर डोकं ठेवून पडलेलं असतं. जे कुत्रं आत येतं ते घरात ठेवत नाहीत. मी भालकीची. माझ्या माहेरचं कुत्रं अकरा वर्षं उंबऱ्याबाहेर जगलं. एकतीस मुद्दे लिहिणाऱ्या बाईला हा बत्तिसावा लहानपणापासून पाठ होता.

आम्ही काय काय केलं. उंबऱ्यावर गोणपाट टाकलं. दहाही जणींनी गोणपाटाचा वास घेतला आणि पुन्हा बसल्या. मागच्या दारानं नेऊ म्हटलं, तर ते दार स्वयंपाकघराचं निघालं. तिथं तर सगळ्याजणी दारापासून चार हात लांबच थांबल्या. उंबरा काढता येतो का विचारलं, तेव्हा शेटनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो प्रश्न परत घेतला.

डॉक्टरसाहेब घड्याळ दाखवत आले. "दहा, बाई. आत. पंधरा मिनिटं."

मग मी जे केलं ते मी केलं. ओळीत नागूअप्पा माझ्या सगळ्यात जवळ उभे होते. मी म्हणाले, "अप्पा, उचला तिला आणि आत घ्या. एक गेली की बाकीच्या येतील."

नागूअप्पांनी बिजलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "उचलू म्हन्ता?"

"उचला."

त्यांनी उचललं. ती त्यांच्या कडेवर आली तेव्हा तिचे चारी पाय लोंबत होते आणि ती मालकाच्या तोंडाकडे बघत होती. रिंगमध्ये खाली ठेवल्याबरोबर ती पोटावर सपाट झाली, कान मागे, डोळे मिटलेले. फटका कुठून येतो याची वाट बघत होती. गोणपाट ओलं झालं. कर्नलसाहेबांनी दोनदा उभी करायचा प्रयत्न केला, मग हात पुसत मला लिहायला सांगितलं, आणि मी लिहिलं : स्वभाव भित्रा, अपात्र.

"काय लिवलाव, अक्का?" नागूअप्पांनी विचारलं. त्यांना वाचता येत नाही.

मी वाचून दाखवलं. त्यांनी बिजलीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "लांडगं आलतं तवा मेंढरापुढं हीच हुभी हुती." एवढं बोलून त्यांनी बिजलीला पुन्हा उचललं, उंबऱ्याबाहेर नेऊन खाली ठेवलं आणि दोघंही फाटकातून बाहेर पडले.

बाकीच्या नऊ दारात बसलेल्याच होत्या. सोपानअण्णा काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "अक्का, तुमी मला सांगू नगा. म्या न्हाई उचलनार. मीच शिकविलं, मीच मोडू व्हय?"

"मग नोंद होणार नाही, अण्णा."

"नगं होऊ दे."

तीन वर्षं माझ्यासमोरच्या बाकावर बसलेला माणूस.

मी आत गेले आणि नियमाची पुस्तिका काढली. ती मला पाठ होती, पण कर्नलसाहेबांपुढं पान उघडून धरावं लागतं. "साहेब, यात लिहिलंय, एका गटातली सगळी कुत्री एकाच रिंगमध्ये, एकाच जमिनीवर बघायची. रिंगवर छत पाहिजे असं कुठं लिहिलं नाही."

त्यांनी चष्मा लावून पान वाचलं. मागचं वाचलं. पुढचंही वाचलं. "तो पूरी क्लास बाहर?"

"पूर्ण गट बाहेर."

"जो अंदर हुआ, वो?"

"एकाच जमिनीवर नाही म्हणून रद्द."

"रद्द," ते म्हणाले. "बुलाओ सबको. एक बजे तक."

मी डॉक्टरसाहेबांकडे वळले. ते म्हणाले, "बाहेर तर बाहेर. ससा दिसला तर मी जबाबदार नाही. आणि बाहेर नऊ आहेत, बाई. मी मोजल्या."

कचेरीची जीप फाटकातच होती. खादर ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं ठेवून पडला होता. मी वही घेऊन चढले. "हळ्ळीखेडचा रस्ता," मी म्हणाले.

"कित्ते दूर गए होंगे, अक्का? कुत्ते को बस में कौन लेता," खादर म्हणाला आणि गाडी काढली. खरंच होतं ते. गावापासून दोनेक मैलांवर नागूअप्पा रस्त्याच्या कडेनं चालत होते, बिजली दोन पावलं मागं.

मी उतरले. ते थांबले, पण वळले नाहीत.

"अप्पा, परत चला."

"कामून? आनीक येकदा लिवायला?"

"नाही. ते रद्द झालं. आता बाहेर अंगणात बघणार आहेत, सगळ्यांना."

"उचला म्हनलाव, उचललो. आता चला म्हनायलाव. उद्या काय म्हनताव?"

मी म्हणाले, "चूक माझी आहे. उचला मी म्हणाले. मला माहीत असून म्हणाले. तुमची चूक नाही आणि तिची तर नाहीच."

ते बिजलीकडे बघत होते. ती रस्त्याच्या कडेला बसली होती, आमच्याकडे पाठ करून.

"ते वहीतलं पुसा मग."

"पुसता येत नाही, अप्पा. सरकारी वहीत खाडाखोड चालत नाही. एक रेघ मारून खाली सही करता येते."

"मग मारा. मला दिसू द्या."

जीपच्या बॉनेटवर वही ठेवली. बॉनेट तापलेलं होतं, हात टेकवत नव्हता. मी ती ओळ बोटानं दाखवली, तिच्यावर रेघ मारली, सही केली. त्यांनी वाकून रेघ इकडून तिकडं नीट बघितली.

"येकच मारलाव?"

"एकच मारायची असते."

खादरनं आतून आवाज दिला. "अप्पा, जल्दी बोलो. गाडी बंद पड़ी तो तुमीच ढकलना पड़ताय, अक्का तो नइ ढकलते."

नागूअप्पांच्या तोंडावर हसू आलं की नाही ते मी सांगू शकत नाही. त्यांनी नुसतं चुचकारलं. बिजली उठली, जीपकडे आली आणि सरळ उडी मारून मागच्या बाकावर बसली. जीपला उंबरा नसतो.

एकला दहा मिनिटं असताना आम्ही पोहोचलो. मंटपासमोरच्या मुरमाड अंगणात दोरी बांधून झाली होती. सोपानअण्णांनी आणि बाकीच्यांनीच ती बांधली होती. कंपाउंडची भिंत उंच होती, तेव्हा सशाचा प्रश्न नव्हता. त्या अंगणात दहा कारवानी पळताना ज्यांनी पाहिल्या त्यांना मी जास्त सांगायला नको. पाय जमिनीला लागतात की नाही असं वाटायचं. आतले लोक खिडक्यांत येऊन उभे राहिले. अल्सेशियनवालेही आले.

कर्नलसाहेबांनी सगळ्यांना दोनदा पळवलं. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "ये सब दरवाज़े पे बैठे क्यों थे?" मी सांगितलं. त्यांनी उघड्या दाराकडे पाहिलं. आत जेवणाचे डबे उघडले होते, मटणाचा वास बाहेरपर्यंत येत होता. रिंगमधून सुटलेल्या दहा कारवानी दारासमोर जाऊन पुन्हा ओळीनं बसल्या होत्या, एकीच्याही गळ्यात दोरी नव्हती. साहेबांनी आपला डबा बाहेर मागवला आणि पायरीवर बसून जेवले.

हरणी पहिली आली. बिजली चौथी. दहा नावं वहीत चढली, प्रत्येकीच्या पुढं आईचं नाव, आजीचं नाव, गाव. सोपानअण्णांनी हरणीच्या वरच्या तीन पिढ्या न अडखळता सांगितल्या. चौथी सांगायला लागले तेव्हा रकाना संपला. मी समासात लिहून घेतली. ते म्हणाले, "आता वाचा." मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पुन्यांदा वाचा."

तेव्हापासून कारवानी गट आहे, तो उघड्यावरच असतो, उंच भिंतीच्या आत. बाकीच्या जाती छताखाली. समितीत हे कुणाला विचित्र वाटलं की मी पुस्तिका उघडते.

यशाची गोष्ट म्हणून हे इथं थांबवता आलं असतं, आणि समारंभात मी ती तशीच सांगते. पण त्या उन्हाळ्यात मेंढरांच्या लसीकरणासाठी हळ्ळीखेडला गेले होते. नागूअप्पा रानात होते. त्यांची बायको शेवंताबाई अंगणात डाळ वाळत घालत होती.

"या, अक्का. चा घिऊन जावा," ती म्हणाली.

मी दाराशी गेले. बिजली आत होती. चुलीपासून हातभर अंतरावर, भिंतीला पाठ लावून आरामात पसरलेली. मला बघून तिनं शेपटी एकदा जमिनीवर आपटली.

मी शेवंताबाईकडे बघितलं.

"तुमच्या त्या पर्दर्शनापासनं," ती म्हणाली. "मालकानंच उचलून आत नेलं म्हनल्यावर तिनं काय समजावं? आली की दुसऱ्या दिशी आत. पंदरा दिस म्या केरसुनी घिऊन बसले."

"मग?"

"हे मारू द्यायनात. म्हन्तेत, तिची चूक न्हाई, हात कशापाई उचलतीस. सासूबाई जेवत न्हाईत आता आमच्या चुलीवरचं. येगळी मांडलीय त्यांनी, तिकडं." तिनं हनुवटीनं गोठ्याकडे दाखवलं. तिथं खरंच एक दुसरी चूल धुपत होती. "घरात दोन चुली केलाव, अक्का, तुमी."

ती चिडून बोलत नव्हती. मेंढरं किती, पाऊस किती, तशी सांगत होती.

आतून चहाचा वास आला. "आत या की," ती म्हणाली. "उन्हात कामून हुभ्या ऱ्हायलाव?"

"बरं आहे इथंच," मी म्हणाले आणि उंबऱ्याबाहेर ओसरीवर बसले. शेवंताबाईनं बिजलीला पायानं जरा सरकवलं, कपबशी घेतली आणि उंबऱ्यावरून हात लांबवून मला बाहेर चहा दिला.